मे महिना, दोन मेलेल्या बॅटऱ्या आणि अकोल्याची ई-रिक्षा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आज बॅटरीबद्दल बोलायचंय. मोबाइलच्या नाही, मोठ्या. पण त्याआधी एक शब्द स्पष्ट करतो, नाहीतर आपले वऱ्हाडातले श्रोते गोंधळतील. अमरावती-अकोल्याकडं तुम्ही 'कॅम्पर' म्हणालात तर लोकांना एकतर लग्नाच्या मांडवातली थंड पाण्याची कॅन आठवते, नाहीतर माणसं आणि सामान दोन्ही वाहणारी डबल केबिनची पिकअप. मी म्हणतोय ते तिसरंच. पिकअपच्या मागच्या हौद्यावर बसवलेली एक छोटी खोली. दोन माणसांना झोपता येतं, एक शेगडी, एक पंखा, चाळीस लिटरचा बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज. छतावर दीडशे-दीडशे वॅटचे दोन सोलर पॅनल. आणि सीटखाली एका लोखंडी पेटीत शंभर-शंभर एएचच्या दोन बॅटऱ्या. इंजिनाची बॅटरी वेगळी, ती पुढं. ही मागची जोडी फक्त घरासाठी.

मी पुण्यात राहतो. सोसायटीत एवढ्या गाडीला जागा नाही, म्हणून गाडी वर्षातला बराच काळ काकांकडं असते. काका दर्यापूर तालुक्यात एका गावी. दिवाळीला गाडी तिथं शेडखाली लावली, आणि मे महिन्यात बाबांना घेऊन निघायचं ठरलं. बाबा भूगोलाचे शिक्षक होते, आता निवृत्त. आयुष्यभर मुलांना लोणार आणि चिखलदरा शिकवलं, पण निवांत राहून कधी पाहिलं नाही. म्हणजे प्लॅन साधा होता: आधी लोणार, मग मागं वळून अकोला, अमरावती आणि वर चिखलदरा.

आता मे महिन्यात वऱ्हाडात फिरायला कोण निघतं, असं तुम्ही विचाराल. आत्यानंही तेच विचारलं होतं. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी अकोल्यात पारा ४५ च्या पुढं गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं, उन्हामुळं! पण बाबांची तपासणी जूनमध्ये होती, माझी सुट्टी मेमध्येच होती. असो.

या गोष्टीत महत्त्वाचं ते फ्रिजमध्ये होतं. बाबांना मधुमेह आहे, गेली काही वर्षं इन्सुलिन घेतात. न उघडलेली इन्सुलिनची पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. चालू असलेलं पेन साध्या खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, पण 'खोलीचं तापमान' म्हणजे २५, फार तर ३० अंश. अकोल्याच्या मे महिन्यातली बंद गाडी नव्हे. फ्रिज घेतला तेव्हा मित्रांना वाटलं मी कोल्ड्रिंकसाठी घेतोय. तो घेतला होता तो या पेनांसाठी.

निघताना सगळं छान दिसत होतं. दिवसभर चार्ज कंट्रोलरवर हिरवा दिवा, आकडा १३.६. मी खूश. इथंच पहिली चूक. मेलेली बॅटरी दुपारी फार छान दिसते. तिची भूकच संपलेली असते, त्यामुळं ती दोन घासांत पोट भरल्यासारखं करते आणि कंट्रोलर म्हणतो, झालं, फुल्ल! खरी परीक्षा सूर्य मावळल्यावर.

लोणारला मुक्काम केला. रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली ती आवाजानं नाही, आवाज थांबल्यामुळं. पंखा बंद. मागून फ्रिजची बारीक पी-पी. अंधारात बाबा म्हणाले, "लाइट गेली का रे?"

आपल्या पिढीला आठवत असेल, लहानपणी भारनियमनात हे वाक्य घरात रोज म्हटलं जायचं. पण इथं महावितरण मीच होतो.

मोबाइलच्या टॉर्चमध्ये मीटर लावला. ११.४. मग मी पडल्या पडल्या हिशेब केला, तो तुम्हालाही सांगतो, कारण हा हिशेब प्रत्येकाला यायला हवा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो, पण तो सतत चालत नाही. त्या उकाड्यात समजा साठ टक्के वेळ चालला, म्हणजे सरासरी २७ वॅट. पंखा २८. दोन्ही मिळून ५५. रात्री आठ ते दोन, सहा तास. म्हणजे ३३० वॅट-तास. त्याला बारानं भागा, २७-२८ एएच. माझ्याकडं कागदावर २०० एएच. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये म्हणतात, तरी १०० मिळायला हवे होते. मिळाले अठ्ठावीस. म्हणजे बॅटऱ्या थकल्या नव्हत्या, संपल्या होत्या.

फ्रिजचं झाकण उघडलं नाही. पहाटे सहाला आतलं तापमान ११ अंश. फार बिघडलं नव्हतं. पण पुढं अजून आठ दिवस होते आणि आत बाबांचा महिन्याभराचा साठा होता.

सकाळी सरोवराच्या काठावर चहा पिताना बाबा म्हणाले, "असं कर, मला गावी सोड आणि तू जाऊन ये चिखलदऱ्याला. माझ्यामुळं तुझी सुट्टी कशाला वाया." अगदी सहज म्हणाले. म्हणजे बॅटरी मेली माझी, आणि ओझं झाले ते. मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, अकोल्याला जाऊ, बघू.

गाडी सुरू केली की इंजिनाचा अल्टरनेटर मागच्या बॅटऱ्यांनाही करंट देतो, त्यामुळं चालत्या गाडीत फ्रिज चालू राहतो. म्हणजे थांबायचं नाही, एवढाच उपाय. मेहकर, मालेगाव, पातूर करत निघालो. पातूरच्या आधी एका ढाब्यावर ट्रक ड्रायव्हर काकांना विचारलं, अकोल्यात बॅटरीचं चांगलं दुकान कुठं? त्यांनी कंपनीचं शोरूम सांगितलंच नाही. म्हणाले, इनव्हर्टर रिपेअरवाल्याकडं जा, विकणाऱ्याकडं नको जाऊ. हा सल्ला मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे. विकणाऱ्याकडं फक्त नवीन बॅटरी असते. रिपेअरवाल्याकडं हायड्रोमीटर असतो.

अकोल्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि रस्ते ओस पडायला लागले होते. आता गाडी बंद होणार, काम दोन-तीन तासांचं, म्हणून आधी इन्सुलिनची सोय. शेजारच्या मेडिकलमध्ये गेलो, सांगितलं असं असं आहे. त्या दादांनी एक प्रश्न न विचारता पेनांचा डबा घेतला, चिठ्ठीवर बाबांचं नाव लिहिलं, रबरबँड लावला आणि फ्रिजमध्ये ठेवला. रात्रीच्या ११ अंशांचं विचारलं, तर म्हणाले त्यानं बिघडत नाही, पण तुमच्या डॉक्टरांना फोन करून खात्री करा. केला. डॉक्टरही तेच म्हणाले. आणि एक गोष्ट बजावली: घाबरून बर्फात खुपसू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. मी लोणारहून निघताना नेमका बर्फच शोधत होतो!

आता दुकान. दहा बाय बाराची खोली, बाहेर गोणपाट लावलेला कूलर, आत रांगेत बॅटऱ्या. मिस्त्री पन्नाशीचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत होते, मीही म्हटलं. गाडीकडं बघून त्यांचं पहिलं वाक्य, "गाडीत घर केलं का घराले चाकं लावले?"

त्यांनी बॅटऱ्यांची बुचं उघडली आणि हायड्रोमीटर घातला. हे साधं काचेचं नळकांडं असतं, वर रबराचा फुगा. ॲसिड ओढायचं, आत तरंगणारी कांडी किती वर येते ते पाहायचं. मिस्त्री लोक याला 'ग्रॅव्हिटी पाहणं' म्हणतात. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी बनावटीप्रमाणं १.२४ ते १.२८. माझ्या पहिल्या बॅटरीचे पाच सेल १.२० च्या आसपास होते आणि चौथा १.१०. दुसरीचे सगळेच १.१५, आणि पाणी काळपट.

"एक सेल गेला," भाऊ म्हणाले, "अन् तो दुसऱ्या बॅटरीले रात्रभर पीत होता."

म्हणजे काय, तर दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की त्या एकाच भांड्यासारख्या वागतात. एकीला भोक पडलं की दोघींचं पाणी गळतं. म्हणूनच एक नवी आणि एक जुनी अशी जोडी कधी लावू नये. पैसे वाचवायच्या नादात आपण करतो, आणि नवी सहा महिन्यांत जुनीच्या वयाची होते.

मग भाऊंनी खरा प्रश्न विचारला. "पानी कोनतं टाकलं होतं?"

"डिस्टिल वॉटर."

"तुमी टाकलं?"

"नाही, काकांनी. दिवाळीपासून गाडी त्यांच्याकडंच होती."

"काका कुठचे?"

"दर्यापूरकडचे."

भाऊ हसले. "मंग बोरचं असन."

दर्यापूर ऐकल्यावर ते का हसले ते बाहेरच्या श्रोत्यांना सांगायला हवं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून एक मोठा पट्टा जातो, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, चांगली, पण खालचं पाणी खारं. विहीर खोदली तरी त्या पाण्यावर पीक घेता येत नाही, म्हणून पावसावरचा कापूस, तूर, हरभरा. प्यायला ते पाणी नको, डाळ त्यात शिजत नाही. आणि बॅटरीत टाकलं तर त्यातलं क्लोराइड आणि इतर क्षार शिशाच्या प्लेटांना खातात. बॅटरी कुणी वापरली नाही तरी उभ्या उभ्या उतरत जाते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात, ते नंतर चार्जिंगनं निघत नाहीत.

त्यात उन्हाची भर. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य कंपनी सांगते ते २५ अंशांना धरून. ढोबळ हिशेब असा की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. पत्र्याच्या शेडखाली, पत्र्याच्या पेटीत, एप्रिल-मेच्या दुपारी काय होत असेल ते तुम्हीच बघा. पाणी तर उडणारच. काकांनी पाणी कमी झालेलं पाहिलं आणि मायेनं भरलं. खाऱ्या पाण्यानं मेलेल्या त्या बॅटऱ्या मी नेमक्या खाऱ्या पाण्याच्या सरोवराकाठी जाऊन तपासल्या, हेही आहेच.

दोष फक्त काकांचा नव्हता बरं. मी सोलरचं कनेक्शन काढून गेलो होतो, 'सुरक्षित राहील' म्हणून. गाडी शेडखाली, पॅनलला ऊन नाही, महिनोन्महिने चार्जिंग शून्य. आणि कंट्रोलरचा छोटा दिवा मात्र चालू होता. तो दिवाच सहा महिने बॅटरी खात होता.

आता नवीन कुठली घ्यायची? माझ्या डोक्यात लिथियम होती. हलकी, जवळपास सगळी क्षमता वापरता येते, पाण्याची कटकट नाही. भाऊ म्हणाले, आणून देतो, पण मला पाहिजे ती लोह-फॉस्फेटवाली आणि माझ्या मापाची तीन-चार दिवसांनी येईल. शिवाय ती लावायची तर सोलरच्या कंट्रोलरची सेटिंग बदलायची, आणि अल्टरनेटरमधून थेट न देता मध्ये वेगळा चार्जर बसवायचा. आणि एक गोष्ट जाहिरातीत सहसा बारीक अक्षरात असते. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते, काहींना थोडी जास्त. त्याच्या वर आतलं सर्किट चार्जिंग बंद करतं. माझी पेटी सीटखाली, मे महिन्यात. म्हणजे जेव्हा ऊन भरपूर तेव्हाच चार्जिंग बंद. लिथियम वाईट असं मी म्हणत नाही, पुढं कधीतरी तीच घेईन, पण आधी पेटीला हवा खेळायची सोय करून. रस्त्यात, घाईत, अर्धवट सामानात नाही.

मग इनव्हर्टरची उंच ट्यूब्युलर. प्रत्येक दुकानात मिळते, टिकते. पण ती जवळपास सव्वा फूट उंच, आणि माझी पेटी अकरा इंच. बसलीच नाही. आम्ही खरंच एक उचलून लावून पाहिली, बाबा टॉर्च धरून उभे. ट्रकची बॅटरी मापात बसत होती, पण ती इंजिनाला एका झटक्यात करंट द्यायला बनवलेली असते, पातळ प्लेटांची. रोज रात्री अर्धी रिकामी केली तर काही महिन्यांत मान टाकते. माझ्या जुन्या बॅटऱ्या नेमक्या अशाच होत्या, हेही तिथंच कळलं. ज्यानं मला त्या 'सोलरसाठी स्पेशल' म्हणून विकल्या तो दुकानदार दुसऱ्या शहरातला, नाव घेत नाही.

मी निराश होऊन बाहेर येऊन बसलो. रस्त्यावरून एक ई-रिक्षा गेली. भाऊ आतून म्हणाले, "तेच तं सांगतो न मी तुले. हे लाव."

ई-रिक्षा! विचार करा. तिला काय लागतं? रोज पूर्ण वापरता येईल, रोज चार्ज करता येईल, खड्ड्यांचे धक्के खाईल, आणि सीटखाली मावेल अशी बॅटरी. माझ्या गाडीलाही तंतोतंत हेच हवं होतं. मी दोन वर्षं इंटरनेटवर परदेशी लोकांच्या गाड्या बघत होतो, आणि उत्तर अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक चौकात सवारी घेऊन फिरत होतं. ई-रिक्षात अशा चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट करतात. मला दोन हव्या होत्या, समांतर, बारा व्होल्टवरच. उंची साडेदहा इंच. बसली.

खोट सांगायला हवी. या बॅटऱ्यांची वॉरंटी इनव्हर्टरच्या बॅटरीपेक्षा बरीच कमी असते, कारण रिक्षावाले त्यांना रोज पिळतात. माझा वापर त्यामानानं हलका. शिवाय या उघड्या बुचांच्या, म्हणजे चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. ज्या खोलीत आपण झोपतो तिथं हे चालत नाही. माझ्या पेटीला बाहेर निघणारी नळी होती, पण ती मधमाशी का कुंभारणीनं मातीनं बुजवून टाकली होती! ती आधी मोकळी केली. तुमच्याकडं अशी गाडी असेल तर ती नळी आजच तपासा.

घेताना भाऊंनी मीटर लावून दाखवला, १२.६ च्या वर होती दोन्ही. दोघींवरचा बनवल्याचा महिना एकच आहे ना तेही पाहिलं. एक नऊ हजार पाचशे, दोन एकोणीस हजार. जुन्या दोन वजनावर गेल्या, त्यांचे पाच हजार वजा. चौदा हजार दिले, पक्कं बिल घेतलं. जुनी बॅटरी दुकानातच द्या. रस्त्यावर कुणीतरी दोनशे रुपये जास्त देतो म्हणेल, पण तो वजन कमी करायला ॲसिड गटारात ओततो आणि शिसं कुठल्यातरी भट्टीत वितळवतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण ती साखळी आपण दुकानात बॅटरी दिली तरच सुरू होते.

आता बदलण्याचा क्रम, कारण इथं लोक कंट्रोलर जाळून बसतात. आधी सगळ्या जोडण्यांचे फोटो काढा. मग अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना चुकून दोन टर्मिनलला लागला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं, आणि मध्ये तुमची अंगठी असेल तर बोट जातं. मग पहिल्यांदा सोलर पॅनल कंट्रोलरपासून सोडवायचं. बॅटरी आधी काढली आणि पॅनल लागलेलं राहिलं तर काही कंट्रोलर तिथंच मरतात. मग बॅटरीचं निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि पॅनल सगळ्यात शेवटी. क्लॅम्पवर पांढरा-हिरवा थर बसला होता, तो गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं धुतला, सुकवला, वर पेट्रोलियम जेली. आणि समांतर जोडताना एक बारकावा: बाहेर जाणारी पॉझिटिव्ह वायर पहिल्या बॅटरीवरून घ्या आणि निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते.

हे सगळं चालू असताना बाबा भाऊंच्या कूलरसमोर बसून त्यांच्या मुलाला लोणारचं सरोवर उल्केनं कसं झालं ते सांगत होते. गावी सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

तीन वाजता पेनं परत घेतली. फ्रिज चालू. मेडिकलवाल्या दादांना पैसे विचारले तर त्यांनी हात जोडले.

मूर्तिजापूरवरून अमरावती. हा महामार्ग तुम्हाला माहीत असेल, जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला होता. गाडी अशी चालत होती की मागच्या कपातलं पाणी हलत नव्हतं. पण मी मीटरकडं बघत होतो आणि मला एक गोष्ट खटकत होती. पुढं इंजिनाकडं १४.२ व्होल्ट, मागं नव्या बॅटऱ्यांवर १३.१. एक पूर्ण व्होल्ट वाटेत गायब!

रात्री अमरावतीत आत्याकडं, साईनगरला. जेवणाआधी वायर शोधली. गाडी बनवताना पुढून मागं चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती, घराच्या बोर्डाला वापरतात तशी. अल्टरनेटर वीस अँपिअर द्यायला लागला की एवढ्या लांबीत तिच्यातच एक व्होल्टच्या वर मरतो. म्हणजे गाडी चालू असतानाही मागच्या बॅटऱ्या कधी पूर्ण भरतच नव्हत्या. जुन्यांच्या मरणात तिसरा आरोपी हा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडल्यावर सोळा मिलिमीटरची वायर घेतली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून घेतले. हातोडीनं ठोकून नाही, क्रिम्पिंगच्या हत्यारानं, दुकानदार वीस रुपये जास्त घेतो, देऊन टाका. दोन्ही बॅटऱ्यांच्या जवळ एकेक फ्यूज. लावल्यावर मागं १३.९. रात्रभर आत्याच्या घरच्या बोर्डावरून नव्या बॅटऱ्या चार्जरवर लावलेल्या होत्याच, कारण नव्या लेड-ॲसिडला पहिलं पोटभर चार्जिंग लागतं. आत्या म्हणाली, "पाहुणे आले का गाडी आली आमच्याकडं?"

कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये एक बदल केला. गरम बॅटरीला कमी व्होल्ट लागतो. २५ अंशांना जो आकडा ठरलेला असतो त्यापेक्षा ४५ अंशांना अर्धा व्होल्टच्या आसपास कमी. महागड्या कंट्रोलरला तापमान मोजणारी वायर येते, ती बॅटरीला चिकटवायची की तो स्वतः बघतो. माझ्या डब्यात ती वायर दोन वर्षं प्लास्टिकमध्ये पॅक होती.

आणि बाबांच्या औषधाचं सगळं वजन आता एका बॅटरीवर नाही. आत्यानं कुंभाराकडचा छोटा माठ दिला, तोंडावर बसणाऱ्या ताटलीसकट. बाहेरून ओलं फडकं. वऱ्हाडातली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून आपला माठ आणि कूलर इतका चालतो. कोकणात हाच माठ एवढं काम करणार नाही. आत एका छोट्या डब्यात चालू असलेलं पेन, आणि एक साधा थर्मामीटर. माठ काही फ्रिजची जागा घेत नाही, साठा त्यात ठेवायचा नाही. पण रात्री दोनला पी-पी झालं तर सकाळपर्यंतचा वेळ तो काढून देतो. तुमच्या घरी कुणाचं इन्सुलिन असेल तर हे सगळं आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

परतवाड्यावरून वर चढलो. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच, संध्याकाळी बाबांनी चक्क स्वेटर मागितला. रात्री पंखा लागलाच नाही, फ्रिज मात्र चालू. सकाळी सहाला बाबाच उठून मीटर बघत होते. "बारा पॉइंट पाच," म्हणाले, आणि वहीत लिहून ठेवलं. पुढचे सगळे दिवस ही वही त्यांनीच भरली. तारीख, वेळ, व्होल्ट, फ्रिजचं तापमान. भूगोलाच्या मास्तरांना तक्ता मिळाला की ते सुखी.

राहिला काकांना फोन. दोन दिवस मी टाळत होतो. त्यांनी गाडी सहा महिने सांभाळली, टायरवर ऊन येऊ नये म्हणून तुराट्या लावल्या, आणि मी सांगणार की तुमच्या पाण्यानं चौदा हजार गेले? शेवटी बाबांनीच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी गोल गोल बोलत होतो, उष्णता, सल्फेट, कंट्रोलर. काकांनी मध्येच थांबवलं.

"पानी मी टाकलं होतं बोरचं. तेच सांगून राह्यला न?"

मी गप्प.

"अरे, त्या पान्यानं आमची डाय शिजत नाही, तं तुही बॅटरी काय चालन! मलेच समजाले पायजे होतं." आणि मग जोरात हसले. "आता ते पांढरी कॅन आनून ठेव इथी. किती टाकाचं ते लिहून देजो."

दोन लिटरची डिस्टिल वॉटरची कॅन आता त्यांच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेली आहे. खाली बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'प्लेटा बुडतील एवढंच. महिन्यातून एकदा. गाडी उन्हात काढून पॅनल जोडलेलं ठेवणे.'

चला, आज एवढंच. पुढच्या भागात याच गाडीचं छत गळलं होतं ती गोष्ट, जुलै, मेळघाट. भेटू.